‘उ’ उराचा : नव्या शिक्षकांसाठी मेळघाटातल्या वर्गातून

सप्टेंबर २०१९. पहिलीचा वर्ग, आठ मुलं. भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता, मी हातात पट्टी घेऊन उभी. कौलारू घराच्या चित्रावर पट्टी टेकवून विचारलं, "हे काय आहे? ह्याचा पहिला आवाज कोणता?" पुढे बसलेली एक मुलगी ताडकन उठली आणि म्हणाली, "उ."

मी म्हटलं, "नाही बाळा, घ. घ घराचा." ती खाली बसली. दुसऱ्या दिवशी तेच चित्र, तोच प्रश्न, तेच उत्तर, फक्त आवाज जरा लहान झाला होता. आठवडाभरात तिने उत्तर देणंच सोडलं. मी माझ्या नोंदवहीत लिहिलं, ‘अक्षरओळख नाही. सराव हवा.’ ती वही अजून माझ्याकडे आहे.

कोरकू भाषेत घराला ‘उरा’ म्हणतात. मला हे कळायला पाच महिने लागले, आणि कळलं ते एका प्रशिक्षणात. डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकाची पदविका, आमच्या वेळची डी.एड.) करणाऱ्या किंवा नुकतंच शिक्षण सेवक म्हणून नेमणुकीचं पत्र हातात पडलेल्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. प्रशिक्षणाचा उपयोग काय, असं तुम्ही विचारता तेव्हा मला ही मुलगी आठवते.

मी परभणी जिल्ह्यातली. डी.एड. झाले, टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा झाली, डिसेंबर २०१७ची अभियोग्यता चाचणी दिली, मग शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलची वाट पाहिली. दोनेक वर्षं त्यात गेली. नेमणूक मिळाली ती अमरावती जिल्ह्यात, धारणी तालुक्यात. परतवाड्याहून एसटी घाटात शिरली, सेमाडोह गेलं, हरिसाल गेलं, मोबाइलची रेंज गेली. तेव्हा शिक्षण सेवकाला महिना ६,००० रुपये मानधन होतं. २०२३मध्ये ते १६,००० झालं. तीन वर्षं मानधनावर काढायची असतात, हे घरच्यांना आधी नीट समजावून सांगा. पैशाचं गणित आधी बसलेलं असलं, तर मन वर्गात लागतं.

शाळा द्विशिक्षकी, पहिली ते चौथी. ६० पटापर्यंत दोन शिक्षक, हा शिक्षण हक्क कायद्याचा निकष. आमचा पट ३१. मुख्याध्यापकांचा निम्मा वेळ कागदपत्रांत, पोषण आहाराच्या हिशेबात आणि मीटिंगांत जायचा. त्यामुळे बरेच दिवस चारही वर्ग माझ्यासमोर एकाच खोलीत बसायचे. डी.एड.च्या सराव पाठात मी चाळीस मुलांच्या एका वर्गाला एक विषय पस्तीस मिनिटं शिकवला होता. पाठाचं टाचण सुबक, शैक्षणिक साधन रंगीत, मागच्या बाकावर निरीक्षक. त्या चाळीस मुलांना मराठी येत होतं, आणि सगळ्यांची इयत्ता एकच होती. मेळघाटात ह्यातलं काहीच नव्हतं.

म्हणून पहिलं सांगणं हे: पदविकेच्या दोन वर्षांत आंतरवासितेसाठी, म्हणजे शाळेतल्या सरावासाठी, शाळा निवडायची मुभा मिळाली, तर बसस्टँडजवळची शाळा घेऊ नका. आदिवासी पाड्यावरची, वीटभट्टीजवळची, साखर कारखान्याच्या पट्ट्यातली, शहरात असाल तर झोपडवस्तीतली घ्या. तिथे तुमचा पाठ फसेल. तो नोकरीत फसण्यापेक्षा तिथे फसलेला बरा, कारण तिथे विचारायला माणूस असतो.

आता ते प्रशिक्षण. फेब्रुवारी २०२०मध्ये तालुक्याला भाषा विषयाचं झालं. त्याआधी मी दोन प्रशिक्षणं केली होती आणि दोन्हींतून हात हलवत परत आले होते. एका सभागृहात ऐंशी-नव्वद शिक्षक, पडद्यावर स्लाइड, ‘ज्ञानरचनावाद’ हा शब्द दिवसात वीस वेळा, आणि तीन दिवसांत एकाही मुलाची वही कोणी उघडली नाही. मला त्याचा आजही राग येतो. आम्ही तीन दिवस शाळा अर्धी बंद ठेवून आलो होतो. ते तीन दिवस मुलांचे होते.

हे तिसरं वेगळं निघालं, आणि ते का वेगळं निघालं ते नीट सांगते. पंधरा दिवस आधी निरोप आला: ‘तुमच्या वर्गातल्या मुलांनी बोलताना, वाचताना, लिहिताना केलेल्या दहा चुका जशाच्या तशा लिहून आणा. दुरुस्त करून आणू नका.’ सुलभक म्हणून, म्हणजे प्रशिक्षण द्यायला, आलेले गृहस्थ निवृत्त शिक्षक होते. पहिल्या दिवशी त्यांनी भाषण केलं नाही. आमच्या चुका फळ्यावर लिहायला घेतल्या. कोणाची ‘मामा आली’, कोणाची ‘दोन कुत्रा’, माझी ‘घराच्या चित्राला उ म्हणते’. माझी चूक लिहून झाली आणि मागून एक शिक्षक उठले. चिखलदरा तालुक्यातले, स्वतः कोरकू. ते म्हणाले, "सर, ती बरोबर आहे. घराला आम्ही उरा म्हणतो."

सगळे गप्प झाले. मी खाली बघत बसले होते.

मुलीला चित्र ओळखता आलं होतं. शब्दाचा पहिला आवाज वेगळा काढता आला होता. वाचनाच्या पायरीवर सगळ्यात अवघड जागा तीच असते: बोललेला शब्द आवाजांचा बनलेला आहे हे कळणं. ती जागा तिने एकटीने ओलांडली होती. आणि मी पाच महिने तिला सांगत होते, की तू चुकतेस.

कोरकू ही मराठीची बोली नाही. माझाही तोवर तसाच समज होता: जरा वेगळे हेल, काही वेगळे शब्द, महिनाभरात मुलं वळणावर येतील. कोरकू मुंडा गटातली, ऑस्ट्रो-आशियाई कुळातली भाषा. तिच्या बहिणी झारखंडकडे, संताळी आणि मुंडारी. पाण्याला ‘डा’, खाण्याला ‘जोम’, एकाला ‘मिया’. आमच्या पहिलीच्या मुलाला मराठी ही शाळेत आल्यावर भेटणारी परकी भाषा असते. आणि आपण पहिल्याच दिवशी तिची लिपीही पुढ्यात ठेवतो.

व्याकरणही वेगळं. मराठीत प्रत्येक नाम तो, ती किंवा ते असतं आणि क्रियापद त्याच्यामागे धावतं. कोरकूत नामाची विभागणी सजीव-निर्जीव अशी चालते. म्हणून ‘मामा आली’ म्हणणाऱ्या मुलाला मामा पुरुष आहे हे कळत नाही असं नसतं. मराठीतलं ‘आला-आली’ त्याला आवाजाचा निरर्थक फरक वाटत असतो. वचनंही तीन: एक, दोन आणि अनेक. मूल म्हणजे ‘कोन’, दोन मुलं असली तर शब्दाला ‘किंग’ लागतो, अनेक असली तर ‘कू’. ‘कोरकू’ ह्या नावातच तो ‘कू’ आहे, म्हणजे माणसं. दोन आणि दोनापेक्षा जास्त हा भेद ज्या मुलाच्या जिभेवर आधीपासून आहे, त्याच्या पाठीवर मी ‘गणितात कच्चा’ असं लिहिणार होते.

चूक झाली की काय करायचं, हेही तिथे करून दाखवलं गेलं. मूल म्हणालं, "मॅडम, मामा आली", तर "आली नाही, आला म्हण" असं तोडायचं नाही. "हो का, मामा आला? कुठून आला? काय आणलं त्याने?" एवढंच. त्याच्या कानावर बरोबर रूप तीनदा पडतं आणि त्याचं बोलणं थांबत नाही. हे वाचायला सोपं वाटेल. करताना जीभ चावावी लागते, कारण दुरुस्त करायची सवय आपल्यात वर्षानुवर्षं मुरलेली असते. आम्ही तिथे जोड्या करून एकमेकांवर सराव केला, एक मूल व्हायचा, एक शिक्षक. दुपारपर्यंत हसूही आलं आणि अंगवळणीही पडलं.

प्रशिक्षण संपलं आणि तीन-चार आठवड्यांत लॉकडाऊन लागला. त्यामुळे जे शिकले ते खऱ्या अर्थाने वर्गात उतरायला २०२१-२२ उजाडलं. मधल्या काळात मात्र एक काम झालं. गावात नेटवर्क नसल्यामुळे ऑनलाइन वर्ग हा विषयच नव्हता. कोरकू गावात घरं रस्त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर ओळीत असतात. निर्बंध सैल झाले तेव्हा मी त्या ओळींमधून वही घेऊन फिरले आणि शब्द गोळा केले. ओसरीवरच्या आज्या मला शिकवायच्या. माझा उच्चार चुकला की पोरं पोट धरून हसायची आणि मग दुरुस्त करायची. मला शिकवताना त्या मुलांचा जो चेहरा असे, तो मी शाळेत कधी पाहिला नव्हता.

त्या शब्दांतून कार्डं केली. जुन्या वह्यांचे पुठ्ठे, एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला अक्षर. उ उराचा, ड डा-चा. शिकवण्याचा क्रमही बदलला. वर्णमालेच्या क्रमाने क, ख, ग, घ शिकवत गेलं, तर महिनाभर मुलाला एकही कामाचा शब्द वाचता येत नाही. त्याऐवजी चार-पाच अक्षरं आणि एखादी स्वरचिन्हाची खूण असा गट घ्यायचा, की त्यातून लगेच शब्द बनतात. क, म, ल, न आणि काना: ‘कान’, ‘मान’, ‘काम’, ‘लाका’, ‘लाल’. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मूल स्वतः शब्द वाचतं. ‘लाका’ला अर्थ नाही हे त्याला कळलं आणि ते हसलं, तर समजा गाडी रुळावर आहे. त्याला आता शब्दाकडून अर्थाची अपेक्षा आहे.

गोष्टीसाठी मी पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना विनंती केली. खिचडी चुलीवर चढली, की त्या पंधरा मिनिटं वर्गात येतात आणि चित्रांच्या पुस्तकातली गोष्ट कोरकूत सांगतात. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट मी मराठीत सांगते. गोष्ट मुलांना माहीत असते, त्यामुळे त्यांना फक्त भाषा पकडायची असते. ताईंचं शिक्षण दुसरीपर्यंत झालेलं. पहिल्या दिवशी पदराने तोंड झाकून, भिंतीकडे बघत त्या बोलल्या. आता पुस्तक त्या निवडतात आणि मला "मॅडम, तुम्ही मागं बसा" म्हणतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९मध्ये, शक्य तोवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावं, असं लिहिलेलं आहे. ते अंमलात आणायला शासनाचं कुठलं पत्र लागत नाही, आणि मला त्याबद्दल आजवर कोणी हटकलेलं नाही.

दुसरी गोष्ट स्तरांची. शाळा पुन्हा भरली तेव्हा मी तिसरी-चौथीच्या मुलांना एकेकट्याला बाजूला घेऊन वाचायला दिलं. पद्धत सोपी आहे, मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’च्या पाहणीमुळे बहुतेकांना ठाऊक असते: एका कागदावर अक्षरं, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल जिथपर्यंत सहज जातं तो त्याचा आजचा स्तर. माझ्या चौथीच्या नऊ मुलांपैकी दोघांना गोष्ट वाचता आली. चौघं शब्दांवर थांबली. तिघांना अक्षरंही पक्की नव्हती. आणि माझ्या टाचणात चौथीच्या बालभारतीतला आठवा धडा होता.

प्रशिक्षणात सांगितलं होतं, की दिवसातला तास-दीड तास इयत्ता विसरा आणि स्तराप्रमाणे गट करा. मला भीती होती ती चौथीतल्या मोठ्या मुलाला दुसरीतल्यांबरोबर बसवताना त्याला काय वाटेल ह्याची. ती खरी ठरली. एक मुलगा दोन दिवस आलाच नाही. मग मी गटांची नावं बदलली, झाडांची दिली: साग, मोह, तेंदू. दर दोन आठवड्यांनी गट हलवले, आणि त्या मुलाला मोह गटात कार्डं वाटण्याचं काम दिलं. तो परत आला. स्तर काढायला कोणीही शिकवतं. स्तर काढल्यावर मुलाचा मान कसा राखायचा, हे मला केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, एका जुन्या शिक्षिकेने शिकवलं, केंद्रातल्या शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत, चहाच्या सुट्टीत. नव्या लोकांना म्हणून सांगते, महिन्याची शिक्षण परिषद कंटाळून काढू नका. तिथे व्यासपीठावर काय चाललं आहे ते एक, पण शेजारी कोण बसलं आहे ते पाहून बसा.

पायाभूत वाचन-गणितासाठीच्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत असं लक्ष्य आहे. लक्ष्य असायला माझी हरकत नाही. पण घड्याळ लावून वाचायला लावलं की आमची मुलं धडाधड वाचतात आणि शेवटी विचारलं तर काय वाचलं ते सांगता येत नाही. म्हणून मी उलट्या बाजूने जाते. आधी ‘काय झालं गोष्टीत?’ विचारते, कोरकूत सांगितलं तरी चालतं. वेग मागून येतो.

तिसरी गोष्ट समावेशित शिक्षणाच्या, म्हणजे दिव्यांग मुलांनाही वर्गात सामावून घेण्याच्या, प्रशिक्षणाची. ते तालुक्याच्या गट साधन केंद्रात झालं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत. त्यांची यादी मला आजही पाठ नाही आणि ती असावी असं मला वाटत नाही. मला तिथून मिळालं ते एवढंच: ‘आळशी’, ‘लक्ष नाही’, ‘हट्टी’ हे शब्द नोंदवहीत लिहिण्याआधी डोळे आणि कान तपासा. कसे तपासायचे तेही दाखवलं. मुलाच्या पाठीमागे, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे उभं राहून हळू आवाजात नाव घ्यायचं. फळ्यावरून उतरवताना मूल डोळे बारीक करतं का, मान एका बाजूला वळवतं का, शेजारच्याच्या वहीत बघतं का, ते पाहायचं.

सोमवारी शाळेत आल्या आल्या मी हे केलं. दुसरीतला एक मुलगा माझ्या यादीत ‘हट्टी’ होता. सांगितलेलं कधी करायचा नाही. मी त्याच्या डाव्या बाजूला उभी राहून नाव घेतलं, तो शांत बसून होता. पुन्हा घेतलं, तरी तसाच. उजवीकडून घेतलं, तर लगेच वळला. मी त्याच्या कानाजवळ वाकले तेव्हा वास आला. कान फुटला होता आणि किती दिवस वाहत होता कोण जाणे. तो दाराजवळ, भिंतीला डावा खांदा लावून बसायचा. मला वाटे, पळून जाता यावं म्हणून तिथे बसतो. आता वाटतं, बऱ्या कानाने वर्ग ऐकू यावा म्हणून बसत असेल.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा येतं. आमच्याकडे ते येऊन गेलं होतं आणि त्या दिवशी हा मुलगा शेतावर होता. मी त्याच्या वडिलांबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले, तिथून धारणीला पाठवलं. औषधाने कान कोरडा झाला, ऐकणं पूर्ण आलं नाही. मी त्याला पहिल्या ओळीत माझ्या उजव्या हाताला बसवलं, जेणेकरून त्याचा बरा कान माझ्याकडे राहील. सूचना देताना फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही, हे स्वतःला शिकवलं. दिवाळीपर्यंत तो शब्द वाचायला लागला. पथक येणार त्या दिवशी गैरहजर असलेल्या मुलांची यादी करा, एवढं माझं ऐका. नेमकी तपासणीची गरज असलेली मुलं बऱ्याचदा त्याच यादीत असतात.

स्थलांतरावर कोणत्याच प्रशिक्षणात मला पुरेसं उत्तर मिळालं नाही. दिवाळी झाली की गावातली कितीतरी कुटुंबं कामाला बाहेर पडतात आणि होळीला परततात. होळी हा कोरकूंचा सगळ्यात मोठा सण, त्या वेळी गावात नसणं शक्यच नसतं. रस्त्यावर फगवा, म्हणजे होळीचे पैसे, मागायला पोरं उभी असतात तेव्हा माझा पट पुन्हा पूर्ण झालेला असतो. मधले तीन-चार महिने गेलेले. हंगामी वसतिगृह झालं तर काही मुलं गावातच राहतात, पण लहान भावंडं सांभाळायची असली, की दहा वर्षांची मुलगी आईबरोबर जातेच. मी दोन गोष्टी करते. जाण्याआधी प्रत्येक मुलाला त्याच्या स्तराची कार्डं, एक गोष्टीचं पुस्तक आणि पेन्सिल अशी पिशवी देते. आणि परतल्यावर पहिला आठवडा धडा घेत नाही. काय पाहिलं ते बोलू देते, ते फळ्यावर लिहिते, तेच वाचायला देते. ‘आम्ही ट्रकमधून गेलो. तिथे नळ होता.’ हा आमचा मार्चचा पहिला पाठ. पिशवीतली पुस्तकं निम्मी परत येत नाहीत. मी त्याचा हिशेब ठेवत नाही.

डी.एड.ला आम्हाला कुरणशाळेवर टीप लिहायची असायची. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ, बोर्डीला १९४५मध्ये सुरुवात, मग कोसबाड, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच भरवलेली शाळा. मी पाठ केलं, लिहिलं, विसरले. मेळघाटात शेळ्या घेऊन निघालेल्या मुलांना हाक मारायला ओढ्यापर्यंत गेले तेव्हा ती टीप मला पहिल्यांदा कळली. परदेशी महागड्या साधनांऐवजी शंखशिंपले, बिया, पानं, खडे वापरून ताराबाई-अनुताईंनी बालशिक्षण आदिवासी पाड्यावर नेलं आणि ते चालवायला गावातल्याच बाया तयार केल्या. आमच्या ताईंना गोष्ट सांगायला बोलावताना माझ्या मनात तेच होतं. तेव्हा अभ्यासक्रमातलं जे आज निरुपयोगी वाटतंय त्याच्या वह्या टाकू नका.

आता थोडं व्यवहाराचं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०नुसार शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षा आहे. त्यातले बरेच तास ‘दीक्षा’ ह्या सरकारी ऑनलाइन मंचावर भरतात. व्हिडिओ लावून स्वयंपाक करायचा आणि शेवटी प्रश्नांची उत्तरं ग्रुपवरून घ्यायची, हे चालतं, मला माहीत आहे. तसं करू नका. सगळे तास मन लावून शक्य नसतील तर एकच मॉड्यूल नीट करा: पायाभूत साक्षरतेचं किंवा समावेशनाचं. थांबवत थांबवत पाहा आणि प्रत्येक टप्प्यावर आपल्या वर्गातल्या एकाच मुलाचं नाव मनात धरा. हे त्याला लागू पडेल का? पडत नसेल तर का नाही? मला ह्या एका सवयीने जेवढं दिलं तेवढं प्रमाणपत्रांच्या फायलीने दिलं नाही.

संस्थांपैकी दोन सांगते, कारण त्यांचं काम लहान मुलांच्या वाचन-लेखनावर आहे आणि मराठीत आहे. पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याची ‘क्वेस्ट’, नीलेश निमकर यांनी सुरू केलेली. आणि फलटणची प्रगत शिक्षण संस्था, भाषाशास्त्रज्ञ मॅक्सिन बर्नसन यांनी उभी केलेली. मी इथे नवी होते तेव्हा मला वाटायचं, अशा ठिकाणी शिकायला आपण खास हुशार असायला हवं. तसं काही नसतं. तुमच्याकडे वर्ग हवा आणि वर्गातले प्रश्न हवेत.

कोणतंही प्रशिक्षण ठरलं, की जाताना तीन-चार मुलांच्या वह्या बरोबर न्या. मूळ वह्या, फोटो नकोत. सुलभकापुढे त्या उघडा आणि विचारा, "ह्या मुलाचं उद्या मी काय करू?" चांगला सुलभक खूश होतो, खुर्ची ओढून बसतो. परत आल्यावर आठ दिवसांच्या आत एक गोष्ट करून पाहा, एकच. दहा गोष्टी एकदम सुरू केल्या की त्यातली एकही टिकत नाही. मग जे फसलं ते लिहून ठेवा. माझ्याकडे त्याची वेगळी वही आहे, डावीकडे मुलाने काय केलं, उजवीकडे मला काय वाटलं. उजवी बाजू मी महिन्याने पुन्हा वाचते आणि बऱ्याचदा खोडते.

शिक्षक म्हणून मला एक गोष्ट फार मनापासून वाटते. आपल्यापैकी पुष्कळ जण ‘मागास भागातली मुलं’ असं एका दमात म्हणतात, जणू सगळी सारखी. मेळघाटात कोरकू आहेत, गवळी आहेत, गोंड आहेत, निहाल आहेत, बलई आहेत. एका वर्गात दोन-तीन घरच्या भाषा असतात. कोणाच्या घरी म्हशी, कोणाच्या घरी फक्त मजुरी. खिचडीला कोण कोणाशेजारी बसतं, तेही पाहावं लागतं. एका गटाला पंगतीतली जागा ठरलेली असते आणि मुलांना ती घरून कळलेली असते. मी आठवड्याला जागा बदलते, वाढायला बारी लावते, पालकांची कुजबुज झाली तर त्यांच्या ओसरीवर जाऊन बोलते. हे मला कुठल्या घटकात शिकवलं नव्हतं. पण चुका लिहून आणा म्हणणाऱ्या त्या सुलभकांनी बघायची जी सवय लावली, तिच्यामुळे मला ते दिसलं.

ती ‘उ’ म्हणणारी मुलगी चौथी करून आश्रमशाळेत गेली. सुट्टीत गावी आली, की शाळेत डोकावते आणि पहिलीच्या मुलांना कार्डं दाखवते. मी म्हणते त्यापेक्षा तिचे कोरकू उच्चार अर्थातच बरे आहेत, म्हणून ते काम मी तिच्यावर सोडते.

ह्या जूनमध्ये शेजारच्या केंद्रात एक नवा शिक्षण सेवक आला. लातूरकडचा, बावीस-तेवीस वर्षांचा. माझ्याकडे कार्डं आहेत असं त्याला कळलं म्हणून शनिवारी दुपारी मोटारसायकलवर आला. म्हणाला, "ताई, तुमचा संच द्या, झेरॉक्स काढून परत करतो." मी विचारलं, तुझ्या वर्गात कोण कोण आहे? त्याला सांगता येईना. गाव निम्मं गवळ्यांचं आहे, एवढं त्याला ठाऊक होतं. गवळ्यांच्या घरात घराला उरा म्हणत नाहीत.

मी त्याला पुठ्ठ्याची चाळीस कोरी कार्डं कापून दिली, दोन स्केचपेन दिले, आणि आमच्या ताईंनी केलेला चहा घेऊन तो घाट उतरला.